वयाच्या मानाने

जुबैल, १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय गोपीनाथ,

हे पत्र तुझ्या तबूकच्या क्लबच्या पत्त्यावर पाठवतो आहे. अक्षर ओळखू आलं तर ठीक, नाहीतर सांगतो. मी रत्नाकर खांबेटे, माण तालुक्यातल्या वाघमोडेवस्तीच्या शाळेतला तुझा गुरुजी. पहिली ते चौथी तू माझ्यासमोर बसलास. 'समोर' कसला, भिंतीला टेकून. तुला पुढे बसवलं की मागच्यांना फळा दिसायचा नाही.

मी गेल्या वर्षापासून माझ्या मुलाकडे, हर्षवर्धनकडे, इथे असतो. समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा कारखाना आहे ना रास अल खैरला, तिथे तो इंजिनियर आहे. पहाटे निघतो, संध्याकाळी येतो. घरात मी आणि माझी नात रेवा. रेवा नववीत आहे आणि शाळेच्या बास्केटबॉलच्या संघात आहे. परवा ती मोबाइलवर एक सामना बघत होती. मला म्हणाली, "आजोबा, लुक, इंडियन सेंटर! ही इज ह्यूज!" मी चष्मा पुसून पाहिलं. एक माणूस दोन्ही हात वर करून उभा, बाकीची माणसं त्याच्या काखेखालून ये-जा करताहेत. पाठीवर इंग्रजीत वाघमोडे. मी म्हणालो, "रेवा, या मुलाला मी पाढे शिकवलेत." तिचा विश्वास बसेना. मग तिने मला तुझे आकडे वाचून दाखवले. सात फूट एक इंच. लीगमध्ये सलग चार वर्षं सर्वांत जास्त रिबाउंड. रिबाउंड म्हणजे काय तेही तिने पेन उडवून समजावलं: नेम चुकून कड्यावरून उडालेला चेंडू दुसऱ्याच्या आधी पकडायचा. म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर तुझं पोट आहे म्हण की!

फोन कर असं मी म्हणत नाही. कानातलं यंत्र फोन लावला की शिट्टी वाजवतं. आणि पत्राची गोष्टच वेगळी. दुपारी खिडकीत बसलो की मला अजून आपली शाळा दिसते, पत्र्यावरचं ऊन, आणि चाळीस मुलांचा एका चालीत उठणारा कवितेचा आवाज. तुझा आवाज सगळ्यांत शेवटी यायचा, शब्द संपल्यावर.

दोन ओळी तरी लिही.

तुझा गुरुजी,
रत्नाकर खांबेटे


तबूक, ५ डिसेंबर २०२४

गुरुजी,

कोर्टावर पडलो तर दोन माणसांची जागा लागते, तेव्हा इथूनच मनातल्या मनात तुमच्या पायावर डोकं ठेवलंय असं समजा.

क्लबच्या ऑफिसात पत्र आलं तेव्हा सगळे गोळा झाले. इथे कुणाला हाताने लिहिलेलं पत्र येत नाही. आमचा कोच इमाद, जॉर्डनचा आहे, त्याने पाकीट उजेडात धरून बघितलं. म्हणाला, "जबल, तुझं लग्न जमतंय का?" जबल म्हणजे डोंगर. इथे मला सगळे जबलच म्हणतात. मी म्हणालो, लग्न झालंय, शोभना आणि दोन पोरी साताऱ्याला आहेत, हे माझ्या गुरुजींचं पत्र आहे. तर तो टोपी काढून उभा राहिला. खरंच.

गुरुजी, तुम्हाला माहीत नसेल, पण तुमची गोष्ट मी नऊ वर्षं सांगतोय. दोन वर्षं बहारीनला होतो तेव्हा आणि आता सात वर्षं इथे. पेपरवाले विचारतात, सुरुवात कशी झाली? मी सांगतो, आईने मला शाळेच्या दारात आणलं. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. तेव्हा गुरुजींनी आमच्याकडची रीत केली. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायला लावला. हात कानाला पोचला की पोर सहा वर्षांचं झालं, शाळेत घ्यायचं. माझा हात कान ओलांडून गालापर्यंत गेला! गुरुजी हसले आणि म्हणाले, "हा हात वाया जायचा नाही." इथले अरब लोक ही गोष्ट ऐकून आपापला कान धरून बघतात.

नाहीतर मी बापाबरोबर मेंढरांमागे कोकणात गेलो असतो. ते शिक्षणही वाया गेलं नाही म्हणा. सेंटरचं, म्हणजे कड्याखाली खेळणाऱ्याचं, काम तेच आहे. संध्याकाळी जाळीत मेंढरं कोंडताना तोंडाशी कसं उभं राहायचं, कंबर कुठे, पाय कुठे, म्हणजे एकही निसटत नाही, ते मला आज्ज्याने शिकवलं होतं. मी उडी फार मारत नाही. आधी जाऊन जागा धरतो. मग पाठीमागे दीडशे किलोचा माणूस ढकलत असला तरी चेंडू माझाच.

तबूकला थंडी पडली आहे. गुडघ्यांना बर्फ लावतो आणि मग थंडीने कुडकुडतो, असा सगळा गाढवपणा.

रेवाला सांगा, रिबाउंडला चेंडूकडे बघू नको, समोरच्या माणसाच्या पोटाकडे बघ.

तुमचा,
गोपी


जुबैल, २० डिसेंबर २०२४

प्रिय गोपी,

तुझं पत्र रेवाने मला दोनदा वाचून दाखवलं आणि मग मी एकट्याने चार वेळा. ती आता जेवायला बसली तरी बापाच्या पोटाकडे बघते. हर्षवर्धन विचारतो, "काय गं, सुटलंय का?"

कानाची गोष्ट तू एवढ्या लोकांना सांगतोस हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. लहानपणची आठवण मोठेपणी अंगावर शाल घेऊन येते, बाबा. जे झालं त्यापेक्षा ते चांगलंच दिसतं. तू मला फार मोठं केलंस. तेवढा मी नव्हतो.

ते असो. इथे कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, संध्याकाळी फिरायला जातो. समुद्र अगदी शांत, ताटात ठेवल्यासारखा. बाकावर बसून तुझ्यासाठी चार ओळी केल्या. चाल आपल्या प्रार्थनेचीच आहे, म्हणून बघ:

उंच एकला तरू उभा हा उजाड माळावरी,
वाटसरूला दिसतो आधी, गाव दिसे नंतरी.
किती पाखरे किती वादळे अंगावर झेलली,
तरी मुळांची गोष्ट खोलची मातीतच राहिली.

म्हाताऱ्याची हौस, दुसरं काय. हंगाम कधीपर्यंत आहे? पुढे काय ठरवलं आहेस?

गुरुजी


तबूक, ९ फेब्रुवारी २०२५

गुरुजी,

उशीर झाला. बाहेरगावचे सामने होते. आणि एक गोष्ट तुम्हाला लिहावी की नाही, त्यात आठवडे गेले.

कविता इमादला मोडक्यातोडक्या अरबीत सांगितली. तो म्हणाला, "हे झाड सेंटर पोझिशनला खेळतं." मग मला कार्यालयात बोलावून दार लावलं.

क्लबचा नियम आहे, परदेशी खेळाडूला सदतीस पूर्ण झाली की करार नाही. माझा पासपोर्ट म्हणतो, जन्म १ जून १९८८. म्हणजे येत्या एक जूनला सदतीस. तुम्हाला ठाऊक आहेच, आपल्या शाळेत ज्याला तारीख नाही त्याचा वाढदिवस एक जून. माझ्या वर्गातले अकरा जण एकाच दिवशी जन्मले! करार ३१ मेला संपतो. करार नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नाही. म्हणजे बाडबिस्तरा गुंडाळून घरी.

मी इमादला म्हणालो, मी अजून सामन्याला तेरा रिबाउंड काढतो. तो म्हणाला, "मला माहीत आहे, हबीबी. कागदाला माहीत नाही."

मग त्याने दुसरा रस्ता दाखवला. क्लबच्या लहान गटाला कोच हवा आहे. तिथल्या उंच पोरांना पोस्टवर, म्हणजे कड्याजवळ, कसं उभं राहायचं हे शिकवायला त्याला मीच हवा आहे. पण त्याला सर्टिफिकेट लागतं. दोन महिन्यांचा कोर्स, शेवटी प्रात्यक्षिक, आणि तीन तासांचा लेखी पेपर, इंग्रजीत.

मी नाही म्हणालो. तो म्हणाला, का? आता त्याला काय सांगणार? तुम्हाला सांगतो, कारण तुम्हाला माहीतच आहे. मी ढ आहे, गुरुजी. तुम्हीच लिहिलं होतं. पहिलीचं प्रगतिपुस्तक आईने अजून ट्रंकेत ठेवलंय. शेरा, तुमच्या सुंदर अक्षरात: "वयाच्या मानाने समज कमी." वस्तीवर कुणाला वाचता येत नव्हतं, पोस्टमनने वाचून दाखवला होता. मी तिथेच उभा होतो. मला राग नाही, खरं ते खरं. दुसरीच्या दिवाळीपर्यंत मला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, बाकीची पोरं धडे वाचायची. म्हणून तर मी खेळाकडे गेलो. डोकं नाही तर नाही, उंची तर आहे!

शोभना म्हणते, घरी या, दूध डेअरी टाकू. तसंच करीन म्हणतो. डेअरीला लेखी पेपर नसतो.

फक्त अजून एक हंगाम मिळाला असता तर बरं झालं असतं. अजून अंगात आहे.

गोपी


जुबैल, १६ फेब्रुवारी २०२५

गोपी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता फाडणार नाही.

तू जून १९९४ मध्ये आईचं बोट धरून आलास. कानाला हात लावायच्या आधी तुझी आई मला काय म्हणाली, ते ऐक. ती म्हणाली, "गुर्जी, ह्याला निस्ता बघायला आणलाय. चारच पावसाळं झाल्यात. पुढल्या दोन सालांनी घाला." मी तुला हात वर करायला लावला. हात गालापर्यंत गेला, हे तुझं खरं आहे. मी तिला म्हणालो, "कान धरला म्हणजे सहा पूर्ण. तुम्हाला आठवत नसेल." तिला चांगलं आठवत होतं. मलाही ऐकू आलं होतं. तेव्हा माझ्या कानांत यंत्र नव्हतं.

का केलं? मी एकटा चार वर्ग सांभाळत होतो. पटावर एक्केचाळीस मुलं झाली तर दुसरा शिक्षक मिळणार होता. चाळीस होती. तपासणी पंधरा दिवसांवर आली होती. तुझा हात लांब होता आणि माझा कागद तोकडा. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, १ जून १९८८. तू नव्वद साली जन्मलास, पावसाळ्याच्या तोंडाला. "हा हात वाया जायचा नाही" असं मी म्हणालो, तेही खरं. पण मी तुझ्या भवितव्याचा विचार करत नव्हतो. मी एक्केचाळीसचा विचार करत होतो.

आणि मग ते विसरलो. हा माझा खरा गुन्हा. रजिस्टरात सहा लिहिलं आणि तुला सहा वर्षांचाच धरून शिकवलं. तू दुपारच्या सुट्टीनंतर पाटीवर डोकं ठेवून झोपायचास. मी पट्टीने टेबल वाजवून उठवायचो, अंगठे धरून उभा करायचो. रेवा चार वर्षांची असताना मी तिच्याजवळ होतो, गोपी. ती दुपारी चारपर्यंत झोपायची आणि तिला उठवू नये म्हणून मी घरात अनवाणी चालायचो. तेव्हा तुझी आठवण आली होती. मी ती बाजूला सारली.

"वयाच्या मानाने समज कमी" हे मी लिहिलं. ते वय तुझं नव्हतं. मी दिलेलं होतं. मागच्या पत्रात मी तुला कविता धाडली, ती याच गोष्टीच्या आड लपायला.

आता करता येण्यासारखं एक आहे. मी हर्षवर्धनला सांगून पुढच्या महिन्यात गावी जातो. शाळेचं जुनं रजिस्टर पंचायतीत असेल. तुझी आई साक्षीला आहे, मी आहे. कोर्टात प्रतिज्ञापत्र करतो की नोंद मी खोटी केली. पेन्शन थांबवली तर थांबवू देत. तारीख दुरुस्त झाली तर तुझी कागदावरची दोन वर्षं परत मिळतील. इमादला थांबायला सांग.

रत्नाकर खांबेटे


जुबैल, २५ मार्च २०२५

प्रिय गोपी,

उत्तर आलं नाही. रमजान चालू आहे, टपाल रेंगाळतं, असं मी स्वतःला समजावतो. रेवा म्हणते, "आजोबा, उनके मॅचेस ऑनलाइन आ रहे हैं, ही इज फाइन." तिने परवाचा सामना दाखवला. तू बावीस रिबाउंड काढलेस. एकदाही हसला नाहीस. पूर्वी तू चेंडू पकडलास की दात दिसायचे.

माझं तिकीट १२ एप्रिलचं आहे. वकील पाहिला आहे, दहिवडीचा. तू हो म्हटलंस की निघतो.

गुरुजी


तबूक, ११ एप्रिल २०२५

गुरुजी,

तिकीट रद्द करा. पत्र उशिरा पोचेल म्हणून हर्षवर्धनदादांना मेसेजही केलाय.

तुमचं पत्र किट बॅगेत सात आठवडे होतं. पहिले तीन आठवडे मला तुमचा राग आला. खोटं कशाला बोलू? फार आला. आधी मला वाटलं, खेळाचा हिशेब चुकला म्हणून राग येतोय. २००४ साली मला सोळा वर्षांखालच्या कॅम्पवरून परत पाठवलं होतं, सोळा पूर्ण झाली म्हणून. मी चौदाचा होतो! आणि त्या कॅम्पात दाढी करून आलेली पोरं कागदावर चौदा-पंधराची होती. सगळ्या देशात लोक वय कमी करून खेळतात, माझंच एकट्याचं वाढवलेलं. इमादला सांगितलं तर तो खुर्चीवरून पडला हसून. मलाही हसू आलं. म्हणजे राग त्याचा नव्हता.

आईला फोन लावला. विचारलं, "माझं वय दोन वर्षांनी कमी आहे?" ती म्हणाली, "व्हय. म्या तवाच सांगितलं हुतं गुर्जीला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कवा इचारलंस? आन् शिकल्याल्या माणसानं लिवल्यावर म्या आडाणी काय बोलू?"

मग ती म्हणाली, "पर त्या शेऱ्याचं मला कवाच पटलं न्हाय. तू चार सालाचा आसताना अंधारात आपली मेंढरं वळखायचास. नुस्त्या आवाजावरनं."

राग त्या शेऱ्याचा होता, गुरुजी. मी तो तीस वर्षं खिशात घेऊन फिरलो. रेल्वेत खेळाडू म्हणून शिपाई लागलो होतो. क्लार्कच्या परीक्षेला साहेबांनी स्वतः फॉर्म आणून दिला. मी भरला नाही. बहारीनला इंग्रजी शिकवणारा मास्तर क्लबने ठेवला होता. मी गुडघा दुखतो म्हणून गेलो नाही. थोरली पोरगी गणित घेऊन व्हिडिओ कॉल करते तेव्हा मी म्हणतो, नेट जातंय. प्रत्येक वेळी दार उघडायच्या आधीच मी वाकलो. तशी मला सवयच आहे, सगळी दारं मला बुटकी. पण ही दारं बुटकी नव्हती.

आणि तुम्ही मला अंगठे धरून उभं केलंत, ते मला झोप येत होती म्हणून! हे वाचून मी ड्रेसिंग रूममध्ये मोठ्यांदा शिवी दिली. मराठीत होती, कुणाला कळली नाही. तुम्हाला लिहून दाखवत नाही.

आता ऐका. प्रतिज्ञापत्र करायचं नाही. पेन्शन घालवायची नाही. एक तर कोर्टात वर्षं जातील. दुसरं, कागदावर दोन वर्षं मिळतील, गुडघ्यात मिळणार नाहीत. फिजिओने डाव्या गुडघ्याचा फोटो दाखवला, आत दळण पडलंय. तुम्हाला आणि शोभनाला मी हे सांगितलं नव्हतं. अजून एक हंगाम अंगात आहे असं लिहिलं ते खरं नव्हतं. तुमच्यासारखं मीही थोडं आड लपलो.

मला ती दोन वर्षं नकोत. फक्त तो शेरा खोटा होता, हे पुरे. पुरे म्हणजे, अजून पुरलं नाही, पण पुरेल असं वाटतंय.

काल इमादकडे गेलो. म्हणालो, कोर्सला माझं नाव घाल. तो म्हणाला, "यल्ला!" आणि मी मत बदलायच्या आत फॉर्मवर शिक्का मारला. तीन महिन्यांपूर्वी हो म्हणालो असतो तर नीट शिकता आलं असतं. आता निम्मा कोर्स झालाय. पेपर दहा मेला आहे.

पाय धरतो असं आज लिहीत नाही. पुढच्या वेळी बघू.

गोपीनाथ


जुबैल, २० एप्रिल २०२५

गोपीनाथ,

तिकीट रद्द केलं.

माफ कर असं मी लिहिलं, तर तुला "असू द्या, गुरुजी" म्हणावं लागेल. तू भला आहेस, म्हणशीलही. म्हणून लिहीत नाही. राग राहू दे, जितके दिवस राहायचा तितके.

अभ्यासाविषयी मी काही सांगणार नाही. तो अधिकार मी घालवला. रेवाला मात्र तुला काही सांगायचं आहे. तिने कुठूनतरी मागच्या वर्षांचे पेपर मिळवले आहेत आणि अवघड इंग्रजी शब्दांच्या पुढे सोपं हिंदी लिहून दिलं आहे. सोबत जोडतो. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, नात तोंड फिरवेल. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आजोबा, यू शुड हॅव टोल्ड हिम बिफोर." मी म्हणालो, हो. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून ती माझ्याकडे जरा माणसाकडे बघावं तसं बघते. आधी देवाकडे बघायची. हे बरं आहे.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. सांग, तिचं बरोबर होतं.

रत्नाकर खांबेटे


तबूक, २९ मे २०२५

गुरुजी,

आधी खेळाचं. दोन मेला शेवटचा सामना झाला, तो तुम्ही आणि रेवाने पाहिला असणारच. एकोणीस रिबाउंड. शेवटच्या मिनिटाला इमादने मला बाहेर बोलावलं. लोक उभे राहिले, "जबल, जबल" ओरडत होते. मी बाकावर बसलो. बाक माझ्यासाठी खालून विटा लावून उंच केलेला आहे, सात वर्षांपासून. बसल्यावर कळलं, आता पुढे कुणाला तरी त्या विटा काढाव्या लागतील. थोडं रडलो. टॉवेल मोठा होता, कुणाला दिसलं नाही.

आता पेपरचं. हॉलमध्ये चौदा जण होतो. बाकी सगळे कॉलेज झालेले. माझे गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून मला मास्तरांचं टेबल दिलं. सगळ्यांसमोर, तोंड वर्गाकडे करून! पहिली दहा मिनिटं अक्षरं नुसती हलत होती. पूर्वी असं झालं की मी उठायचो. या वेळी बसलो. रेवाने सांगितलेले शब्द एकेक दिसायला लागले. मग लिहिलं. हात दुखेपर्यंत लिहिलं, शेवटची घंटा होईपर्यंत. शेवटून दुसरा उठलो.

निकाल काल लागला. प्रात्यक्षिकात पहिला आलो. लेखीत नापास. पन्नास पाहिजे होते, शेहेचाळीस पडले.

इमादने मला बाहेर नेऊन चहा पाजला. जपून बोलत होता. "खलास? घरी जाणार?" म्हणाला. मी म्हणालो, "नाही. परत पेपर कधी आहे?" तो म्हणाला, सप्टेंबरात. मी म्हणालो, मग सप्टेंबरपर्यंत मला लहान गटाकडे हाताखाली ठेव. त्याने क्लबच्या सेक्रेटरीशी भांडून इकामा तेवढा वाढवून घेतला. पगार निम्मा आहे. शोभना फोनवर म्हणाली, "डेअरी काय पळून जात नाही. लिहा परत."

गुरुजी, नापास मी आयुष्यात बऱ्याचदा झालोय. प्रत्येक वेळी घरी न जाता ओढ्याकडे जाऊन बसायचो. काल मी उलट आत गेलो आणि उत्तरपत्रिका बघायला मागितली. त्यांना नवल वाटलं, पण दिली. तिथेच उभं राहून एकेक पान वाचलं. लाल खुणा कुठे आहेत, का आहेत, ते सगळं कळलं; बहुतेक माझ्या इंग्रजीच्या होत्या. डोकं दुखलं नाही. मान खाली गेली नाही.

चौथा प्रश्न मला येत नव्हता, एवढंच. बाकीचे येत होते.

गोपी